आईच्या दहावीसाठी पाहिलेलं शहर

एखाद्या शहराबद्दल लिहायचं तर ते शहर नीट माहीत असावं लागतं, आणि लिहिताही यावं लागतं. माझ्याकडे यातलं पहिलं थोडंसं आहे, दुसऱ्याबद्दल मी काही बोलू नये. म्हणून सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी कुणीतरी मागून येऊन "हे तुला कुणी सांगितलं?" असं विचारील, ही धाकधूक माझ्या हाताला अजून आहे. क्राइस्टचर्चमध्ये मी शिकायला आलो, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. इथे कुठे काय खावं आणि काय पाहावं हे सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मला फक्त हे सांगायचं आहे की मी हे शहर माझ्यासाठी पाहिलं नाही. आईसाठी पाहिलं.

आई आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमचं गाव. तिचं लग्न झालं तेव्हा ती नववी पास होती, आणि दाखल्यावर अजून नववीच आहे. मी इथे आलो त्या वर्षी, ऑगस्टमध्ये, एका रविवारी फोनवर तिने आधी बाहेर शेजारपाजारचं कुणी नाही ना ते पाहिलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. मी सतरा नंबरचा फॉर्म भरलालेव."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं. मला आधी वाटलं ती गंमत करते आहे.

"मामालाबी सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "नापास झाले तर माज्या हातची खिचडी खाणारी लेकरंच हसतील मला. पयलीतली पोरं! ताट पुढं करतील आन म्हणतील, मावशी नापास."

तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघणार होती. कायमची. काम तेच, भात-वरण-भाकरी, पण अट दहावी पासची. आई पंधरा वर्षं शंभर-दीडशे लेकरांचं रोज शिजवते, तरी त्या जागेसाठी तिला नुसता अर्जही करता येत नव्हता. शाळेतल्या एका बाईंनी तिला फॉर्म भरायला लावला आणि शाळा सुटल्यावर रोज तासभर शिकवायचंही कबूल केलं. वडिलांना माहीत होतं. बाईंना माहीत होतं. आणि आता मला.

"मग माझं काय काम?" मी विचारलं.

"निबंध," आई म्हणाली. "बाई म्हणल्यात, बगितलेल्या गावाबद्दल लिवायला येतंय. मी काय बगितलंय? तुळजापूर, लातूर, एकदा सोलापूर. ती सगळ्यांनीच बगितल्यात. तू कुटं ऱ्हातूस ते सांग. पण नीट सांग. बगून सांग."

इथेच माझी अडचण झाली, कारण मी काहीच पाहिलेलं नव्हतं. घर ते विद्यापीठ, विद्यापीठ ते रिकार्टन रोडवरचं भारतीय किराणा दुकान, तिथून पीठ आणि डाळ घेऊन परत घर. हा रस्ता मला इतका पाठ होता की बसमध्ये झोपलो तरी बरोबर स्टॉपवर जाग यायची. तेवढंच माझं क्राइस्टचर्च. माझा रूममेट पुण्याचा. तो इथे चार वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो आणि त्याला सगळं माहीत असतं. त्याला मी विचारलं, इथे पाहण्यासारखं काय आहे?

"अरे, हीप्स आहे, ढीगभर!" तो म्हणाला. "तू इतके महिने काय करत होतास राव? डाळ शिजवत होतास?"

खोटं नव्हतं ते.

मग आईचं आणि माझं ठरलं. दर रविवारी दुपारी मी एका ठिकाणी जायचं आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल लावायचा. माझ्याकडे दुपारचे तीन म्हणजे तिच्याकडे सकाळ असते, रविवारी शाळा नाही, चुलीवर चहा असतो. तिने बघायचं, विचारायचं, आणि रात्री आठवून आठवून लिहायचं.

पहिल्या रविवारी मी लांब गेलो नाही. रिकार्टन रोडवरच एका लहानशा चिनी दुकानात डंपलिंग खायला बसलो. ते उकडलेले असतात. आमच्याकडचे उकडीचे मोदक तिखट करून आडवे पाडावेत तसे दिसतात, निदान आईला तसं सांगितलं की समजतं. काचेपलीकडे दोन बायका समोरासमोर बसून लाट्या लाटत होत्या, सारण भरत होत्या, चुण्या पाडून मिटवत होत्या. मी फोन तिकडे केला. आईने खाण्याकडे पाहिलंच नाही.

"त्येंचं लाटणं बग," ती म्हणाली. "किती बारीक हाय. आन एकीचा हात दुसरीला लागत न्हाई. किती वर्सं करल्यात विचार की."

मी विचारलं नाही, लाजलो. पण त्यातल्या थोरल्या बाईने फोनमध्ये पाहून हात हलवला. आईने पदर सारखा करून तिला नमस्कार केला. तिकडून तीही किंचित वाकली. मला वाटतं त्या दोघींना एकमेकींचं काम कळलं.

त्यानंतर आईचे प्रश्न ठरून गेले. कुठेही गेलो तरी ती विचारायची, धूर कुठून जातो? भांडी कोण घासतं? उरलेलं काय करतात? कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, मी गरम पाय घेऊन दाखवला. हा पाय म्हणजे मैद्याच्या जाड पापुद्र्याची बंद करंजीच, आत रस्सा. मी भाजीचा घेतला होता, आईला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने तो मोडायला लावला. आत बटाटा आणि चीज निघालं.

"रस्सा आतमंदी घालून भाजतेत आन फुटत न्हाई?" ती बराच वेळ त्या मोडलेल्या पायकडे पाहत राहिली. "मैदाच हाय का नुसता?"

"मैदाच असेल."

"असंल म्हणू नगं. निबंधात 'असेल' चालत न्हाई म्हणल्यात बाई."

म्हणून मी परत दुकानात जाऊन विचारून आलो. मैदा आणि लोणी. पुढे मला सवयच लागली. ज्या दुकानात मी मान खाली घालून पैसे द्यायचो आणि निघायचो, तिथे "किआ ओरा" असा इथला नमस्कार करून दोन प्रश्न विचारू लागलो. माणसं सांगतात. विचारलं की बहुतेक माणसं सांगतात, हे मला तेवीस वर्षांत माहीत नव्हतं.

शहराच्या मधोमध मोठी बाग आहे आणि बागेला वळसा घालून एव्हन नदी जाते. विलो झाडांच्या फांद्या थेट पाण्यावर टेकलेल्या. सपाट बुडाच्या होड्यांतून पाहुणे बसतात आणि टोपी घातलेला माणूस मागे उभा राहून लांब बांबूने होडी रेटतो. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. वसंत लागला होता, काठाने पिवळी डॅफोडिल्स फुललेली. मी मनातल्या मनात दोन वाक्यं तयार करून ठेवली होती, नदीच्या सौंदर्याबद्दल.

आई म्हणाली, "नदी कुटाय?"

"ही काय."

"ह्यो तर वढा हाय!"

मी म्हणालो, इथे हिलाच नदी म्हणतात. ती म्हणाली, म्हणू देत, पण होडी घालायला एवढा वढा पुरतो तर आपल्या वढ्यात का कुणी घालत न्हाई? मग स्वतःच म्हणाली, "आपल्यात पाणी तरी कुटं ऱ्हातंय दिवाळीच्या पुडं." त्यानंतर ती बदकं बघत राहिली. एक बदकीण सात-आठ पिल्लं घेऊन रस्ता ओलांडायला आली आणि एक मोटार थांबली, मागे दुसरी थांबली. कुणी हॉर्न वाजवला नाही. हे आईला नदीपेक्षा जास्त आवडलं. निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात नदीला एक ओळ होती आणि बदकांना सहा.

बागेतून ट्रामच्या रुळांच्या बाजूने चालत गेलं की चौक लागतो. तिथे एक जुनं दगडी चर्च आहे. दोन हजार अकराच्या भूकंपात त्याचा मनोरा पडला, पुढची भिंत पडली. मी पाहिलं तेव्हा भोवती कुंपण होतं, लोखंडी आधार होते आणि काम थांबलेलं होतं. शहर बाकी नवं दिसतं, काचांचं, सरळ. पण दोन इमारतींच्या मध्ये अचानक मोकळी जागा येते, खडी पसरलेली, गाड्या लावलेल्या. आधी मला वाटायचं इथे जागा फार आहे. रूममेटने सांगितलं, त्या जागी घरं-दुकानं होती.

त्या रविवारी मी आईला जास्त सांगितलं नाही. कॅमेरा फिरवला फक्त. तिने विचारलं, "कितीव्या साली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यानंतर मग."

आई चौथीत असताना तिच्या गावात भूकंप झाला होता. पुढची पाच-सहा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि पत्र्याच्याच शाळेत शिकली. हे मला माहीत होतं, पण घरात त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.  जवळच एका मोकळ्या जागेत पांढऱ्या रंगवलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या, गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, ऑफिसची चाकांची, आरामखुर्ची, एक लहान बाळाची. मी फोन हळूहळू त्यांच्यावरून नेला.

"बस कर," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाळाची परत दाव."

मी दाखवली.

"चांगलं केलंय," ती म्हणाली. "परत्येकाची निराळी ठिवली. आमच्याकडं सगळ्यांची मिळून एकच यादी होती." आणि एकदम, नेहमीच्या आवाजात, "तू जेवलास का? आज काय खाऊन दावणार हाईस?"

मी नदीकाठच्या मार्केटमध्ये गेलो. एका छपराखाली पंधरा-वीस खाण्याची दुकानं, कुठे अर्जेंटिनाचं, कुठे थाई, कुठे नुसते डोनट. मी थाई भाजी-भात घेतला आणि तिच्यासमोर बसून जेवलो. भूक नव्हती तरी सगळं संपवलं, कारण ती बघत होती.

डिसेंबरात परीक्षा संपल्या आणि मी समुद्रावर गेलो. बस थेट समनरच्या किनाऱ्याला जाते. वाळूत मोठा खडक आहे, त्याच्या पोटातून आरपार गुहा. लोक टॉग्ज घालून पोहत होते, लेकरं जँडल्स हातात घेऊन पळत होती. टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे आणि जँडल्स म्हणजे आपली स्लीपर, हे आईने वहीत लिहून घेतलं. इथे मासा-चिप्स कागदात गुंडाळून देतात आणि वाळूत बसून खातात. आई मासा खात नाही, मीही नाही, म्हणून नुसत्या चिप्स. कागद उघडला आणि पांढरे पक्षी आले. एकाने माझ्या हातातलीच चिप पळवली. आई एवढी हसली की तिच्याकडे वडील बाहेरून धावत आत आले.

"काय झालं?"

"ह्याचं जेवण पाखरानं नेलं!"

"मग त्याला दुसरं द्या म्हणावं," वडील म्हणाले आणि परत गेले. वडील फोनवर एवढंच बोलतात.

त्या आठवड्यात आईने समुद्राबद्दल निबंध लिहिला आणि बाईंना दाखवला. बाईंनी दोन वाक्यांवर लाल काट मारली. एक होतं, "डिसेंबर महिन्यात तेथे कडक उन्हाळा असतो." दुसरं, "तेथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून घराची तोंडे उत्तरेला असतात." ही दोन्ही मीच सांगितलेली होती. आमच्या भाड्याच्या घरात दक्षिणेची खोली माझी आहे आणि तिच्यात ऊन कधीच येत नाही. रूममेटने उत्तरेची घेतली, कारण तो आधी आला. आईला हे मी तक्रार म्हणून सांगितलं होतं, तिने ते निबंधात घातलं.

पुढच्या रविवारी फोनवर बाई स्वतः होत्या. आईने मुद्दाम त्यांना चहाला बोलावलं होतं.

"हे बघ," बाई मला म्हणाल्या, "तू सांगतोस ते खरंय, मला भूगोल कळतो. पण पेपर तपासणाऱ्यापुढं गठ्ठा असतो. त्याला वाटणार, या बाईला महिने येत नाहीत. त्याच्या हातात लाल पेन आहे."

"मग खोटं लिवायचं का?" मागून आई.

"खोटं नको. पण मार्क पाहिजेत ना तुम्हाला?"

"बगितलेलं लिवा म्हणलाव तुमीच. त्येनं बगितलंय, मी फोनात बगितलंय. घाम येलाला त्येला डिसेंबरात, मी माज्या डोळ्यानं बगितलं."

"तुम्हाला समजलं, मला समजलं. त्याला कसं समजवाल?"

मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. म्हणजे फोनकडे.  मी पदव्युत्तर शिकतो आहे, इथे मला प्रत्येक वाक्याला आधार द्यायला शिकवतात, आणि माझ्या आईने खरं वाक्य लिहावं की नाही एवढं मला सांगता येईना. मी म्हणालो, "आई, तुला पटेल तसं कर." हे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, "तू बी गुरुजीच झालास की रे," आणि चहा ओतायला उठली.

फेब्रुवारीत, तिचा पेपर जवळ आला तेव्हा, मी शेवटची फेरी केली. शहराच्या दक्षिणेला पोर्ट हिल्सच्या टेकड्या आहेत. वर जायला लटकत्या डब्यांची केबल आहे, पण मी आणि रूममेट चालत गेलो. गवत वाळून सोनेरी झालेलं, पायवाटेवर मेंढ्या. वर पोचलं की एका बाजूला सगळं शहर सपाट पसरलेलं दिसतं, त्याच्या पलीकडे शेतं आणि अगदी शेवटी बर्फाच्या डोंगरांची रेघ. दुसऱ्या बाजूला खाली लिटलटनचं बंदर, निळं पाणी आणि खेळण्यातल्यासारख्या जहाजांवर लाकडांचे ओंडके. मी आईला दोन्ही बाजू दाखवल्या. वारा एवढा होता की तिला माझं बोलणं ऐकू येईना.

रूममेट फोनमध्ये डोकावून ओरडला, "काकू, डबा आणलाय! तुमच्या मुलाने धपाटे केलेत, दगडासारखे झालेत!"

"दह्यात मळलंय का इचारा त्येला!" आई तिकडून ओरडली.

मी पाण्यात मळले होते. रूममेटने धपाट्याचा एक तुकडा मेंढीला दिला, तिने वास घेतला आणि पुढे गेली. ते बघून आई म्हणाली, "आता पुरे शहर. आता गणित."

तिची खरी भीती गणिताचीच होती. निबंधासाठी आम्ही एवढं फिरलो, पण निबंध तिला आवडायचा, म्हणून आम्ही फिरलो. गणिताला ती बसायचीच नाही. खिचडीचं प्रमाण तिला तोंडपाठ, इतक्या लेकरांना इतके तांदूळ, पण तेच कागदावर क्ष म्हणून आलं की तिचा हात थांबायचा. "ह्यो क्ष कोण हाय?" ती विचारायची. मी रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या जेवणाच्या सुट्टीत, एक एक उदाहरण करून घेऊ लागलो. ती खिचडीच्या पातेल्याशेजारी बसून करायची. कधी सुटायचं, कधी "करपलालं बग" म्हणून फोन ठेवायची, ते खिचडीबद्दल की गणिताबद्दल हे मला कळायचं नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मराठीच्या पेपरनंतर मी विचारलं, शहरावर आलं का? आलं होतं. मग डिसेंबरचं काय केलंस? "म्हयनाच लिवला न्हाई," ती म्हणाली. "नुसतं लिवलं, आमी गेलो तवा तितं ऊन लई होतं. खोटं हाय का?" मी म्हणालो, नाही. "आन आमी म्हणलं, आमी. तू एकला कुटं गेलतास?"

गणिताच्या पेपरनंतर मात्र ती एकच वाक्य बोलली. "जेवडं आलं तेवडं लिवलं." 

एप्रिल गेला, मे उजाडला. इथे पानं गळाली, हवा बोचरी झाली. वसतिगृहाच्या जागेची जाहिरात आल्याचं बाईंनी कळवलं होतं, अर्जाबरोबर गुणपत्रक पाहिजे. आई त्याबद्दल बोलायची नाही. बोलता बोलता थांबायची आणि विचारायची, निकाल कसा लागतो, फोनवर दिसतो का. तिने मला तिचा बैठक क्रमांक पाठवून ठेवला होता. "तूच बग. मी बगणार न्हाई. पैलं तू बग आन मग मला सांग, पण हळू सांग."

निकालाचा दिवस आला. भारतात दुपारी एक वाजता लागणार, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी साडेसात. मी आणि रूममेट स्वयंपाकघरात बसलो. बाहेर अंधार पडलेला, हीटर लावलेला. आदल्या दिवशी गावाकडे मोठं वादळ होऊन विजेचे खांब पडले होते, आईचा फोन सकाळपासून लागत नव्हता, वडिलांचाही. बाई सुट्टीत माहेरी गेलेल्या, त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता.

साडेसातला साइट उघडेना. पावणेआठला उघडली. तिने दोन गोष्टी मागितल्या, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. मी माझ्या दहावीला, बारावीला टाकलं होतं तसं पटकन टाकलं. साइटने सांगितलं, माहिती सापडली नाही.

मी पुन्हा टाकलं. माहिती सापडली नाही.

 मला वाटलं, ती पेपरलाच गेली नसेल. गणिताला गेली नसेल, आणि मला सांगितलं नसेल. मी तिसऱ्यांदा टाकलं.

रूममेट शेजारून बघत होता. तो म्हणाला, "अरे गाढवा, कुणाच्या आईचं नाव टाकतोयस?"

"आईचं."

"तुझ्या आईचं! परीक्षा कुणी दिली? तिच्या आईचं नाव पाहिजे ना!"

खरंच होतं. मी तीनदा आईलाच तिची आई केलं होतं. हसायला हवं होतं, पण मला हसता आलं नाही, कारण पुढची गोष्ट माझ्या लक्षात आली. मला आजीचं नाव माहीत नव्हतं. ती माझ्या जन्माआधीच गेली. घरात तिचा एक फोटो आहे, पण आम्ही सगळे तिला "तुझी आजी", "माझी आई" असंच म्हणत आलो. तिला नाव असेल हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आता विचारायचं तर मामांना. मामा लातूरला आडतीवर हिशेबनीस आहेत, तिकडे फोन चालू होता. आणि मामांना काही सांगायचं नाही ही आईची शपथ होती. तरी मी फोन लावला.

"बोला भाचेसाहेब!" मामा म्हणाले. "आज दुपारचा फोन? पैसे पाहिजेत का नवरी बघू?"

"मामा, आजीचं नाव काय होतं?"

"कुठल्या आजीचं?"

"तुमच्या आईचं."

पलीकडे पोती उतरवल्याचा आवाज येत होता. मामा थोडे बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाला. "का रे? तिकडं काही कागदपत्र करतोयस? वारस-बिरस?"

"नाही. सहज."

"सहज? परदेशातून? दुपारी जेवायच्या वेळेला?" मग त्यांचा आवाज बदलला. "ताईला काय झालंय का? तिचा फोन लागेना सकाळपासून."

"आई बरी आहे मामा. मला फक्त नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तीन अक्षरांचं, साधं नाव आहे. मामांनी ते इतक्या हळू उच्चारलं की मला पुन्हा विचारावं लागलं. "कितीक वर्सांनी घेतलं मी हे नाव," ते म्हणाले. "आता सांग बाबा, काय हाय ते."

फोन कानाला तसाच धरून मी नाव टाकलं. साइट गोल फिरत राहिली. रूममेट टेबलावर दोन्ही हात ठेवून वाकला होता. मामांना काहीच माहीत नव्हतं, तरी पलीकडे तेही थांबले होते.

पान उघडलं. सगळ्यात वर आईचं पूर्ण नाव, माहेरच्या नव्हे, आमच्या आडनावाचं. खाली विषय आणि त्यांच्यासमोर आकडे. मी मधले काही पाहिले नाहीत, गणित शोधलं. गणित काठावर होतं, पण काठाच्या खाली नव्हतं. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, कारण "असेल" म्हणून चालणार नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "आई दहावी पास झाली."